पहिला अर्धा तास

माझी धाकटी जाऊ रोज सकाळी माझ्याशी बोलते आणि मी तिला उत्तर देत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, आमचं पटत नसावं. तसं काही नाही. माझं सकाळचं मौन असतं. उठल्यापासून देवापुढे दिवा लावून, वाचन करून, अंगणात पाखरांना दाणे टाकून मग पहिला घास तोंडात जाईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा हा नेम, देवाच्या कृपेने आजवर चालला आहे. धाकटीची मैदानावर जायची घाई नेमकी त्याच वेळेची. ती ओट्याला टेकून उभ्याने चहा पिते, मग स्टुलावर एकेक पाय ठेवून बुटांच्या नाड्या बांधते आणि तेवढ्या वेळात मनात असेल नसेल ते सगळं माझ्यापुढे ओतून मोकळी होते.

"ताई, तुमचं मौन आहे ना, म्हणूनच सांगते," हे तिचं ठरलेलं वाक्य. "तुम्ही बोलायला लागलात की मला पुढचं सुचत नाही."

भावोजी, म्हणजे तिचे यजमान, औषधांचं दुकान चालवतात. दुकान उघडायला वेळ असतो, त्यामुळे तेही तिथेच घुटमळत असतात. "मग मीही मौन धरतो," ते म्हणतात. "मलाही सांगत जा काहीतरी."

"तुम्ही मौन धरलंत तरी तुमच्या भुवया बोलतात."

माझं उत्तर संध्याकाळी द्यायचं, अशी आमची पद्धत. तोवर निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिची तिलाच सापडलेली असतात आणि उरलेले प्रश्न ती विसरलेली असते. कॉलेजात ती मुलींना खेळ शिकवते, तिथे तिला सगळे 'शिट्टी मॅडम' म्हणतात, पण घरातली शिट्टी खुंटीला टांगलेली असते. घरात ती धाकटीच.

एका सकाळी मात्र ती चहा हातात धरून नुसतीच उभी राहिली. मी फुलं निवडत होते. चहावर साय धरली तरी ती बोलेना, तेव्हा मीच मान वर करून पाहिलं.

"ताई, प्राचार्यांनी काल बोलावलं होतं," ती म्हणाली. "नवीन वर्षापासून तीन खेळांना तीन कोच नेमणार आहेत. माणूस फार चांगला आहे हो, चहा पाजून सांगितलं. म्हणाले, मॅडम, इतकी वर्षं तुम्ही तिघांचं काम एकटीने ओढलंत, आम्हालाच लाज वाटते. आता तिन्हींपैकी एक खेळ तुमचा. कुठला ते आधी तुम्ही निवडा, उरलेले दोन आम्ही दुसऱ्यांना देऊ. सोमवारपर्यंत सांगा."

भावोजी म्हणाले, "मग यात तोंड पाडण्यासारखं काय आहे? पगार तोच, घाम कमी."

"तुम्हाला तिघी मुली असत्या आणि कुणी म्हटलं असतं की एक ठेवून घ्या, दोघींना चांगल्या घरी देतो, तर?"

भावोजींच्या भुवयासुद्धा गप्प झाल्या.

"ताई, आता तुम्हीच सांगा, मी..." आणि मग स्वतःच हात हलवून म्हणाली, "नको, सांगू नका. शनिवारी व्हॉलीबॉलची फायनल आहे, ती होऊ दे." साय बाजूला सारून तिने चहा एका घोटात संपवला आणि गेली.

खरं तर माझं उत्तर तयार होतं. व्हॉलीबॉल. यात विचार करण्यासारखं काय आहे, असंच मला वाटलं. पण तोंडात घास गेलेला नव्हता.

*

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा बूट जास्त होते. सासूबाईंनी पेटी उघडी पाहिली आणि विचारलं, "एवढे बूट? अगं, पाय किती आहेत तुला?"

"दोनच आहेत, आई. पण थांबत नाहीत," ती म्हणाली. नवी सून असं उत्तर देते म्हटल्यावर मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पण सासूबाई हसल्या आणि बुटांसाठी दाराशी एक फळी ठोकून घेतली. ती फळी अजून आहे.

कॉलेजात ती लागली ती फक्त व्हॉलीबॉलसाठी, तीही तात्पुरती. दुसऱ्याच वर्षी बास्केटबॉलचे सर ऐन स्पर्धांच्या तोंडावर नोकरी सोडून गेले. तेव्हाच्या प्राचार्यांनी तिला बोलावलं आणि म्हणाले, "बॉल तो बॉल. तुमचा जाळ्यावरून टाकायचा, यांचा जाळ्यातून टाकायचा. फरक तो काय?" ती हो म्हणून आली आणि त्या रात्री जेवायच्या टेबलावर नियमांचं पुस्तक उघडून बसली. चमचे आमच्या बाजूचे, काटे समोरच्यांचे, आणि मिठाची बाटली बास्केटखाली बचावाला उभी.

"मीठ कुठं गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"ते तिथून हलणार नाही, आई. ते हललं की समोरचे घुसतात."

आठ दिवस आम्ही अळणी जेवलो म्हणायला हरकत नाही. हे, म्हणजे माझे यजमान, घड्याळं दुरुस्त करतात, फार बोलत नाहीत, पण तेसुद्धा एका रात्री वाटी सरकवून म्हणाले, "ही इथे उभी राहिली तर?" धाकटीने वाटीकडे टक लावून पाहिलं, म्हणाली, "दादा, ही वाटी उद्या खेळवते," आणि खरोखरच एका ठेंगण्या, गोलसर मुलीला तिने त्या जागी उभं केलं. त्या मुलीला पुढे सगळे वाटीच म्हणायचे. तिला वाईट वाटत नसे. तिची मुलगीही नंतर त्याच कॉलेजात खेळून गेली.

धावण्याचं तर कुणी तिला सांगितलंही नाही. त्या कामाचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही आणि पळणाऱ्या मुली आपणहून हिच्याकडे आल्या, कारण उजाडताना मैदानावर दुसरं कुणी माणूस नसायचंच. धावपट्टी वगैरे काही नव्हती. मुली इमारतीला वळसा घालून, ग्रंथालयाच्या खिडक्यांखालून, सायकली लावायच्या जागेमागून पळायच्या. अजूनही तशाच पळतात.

एक मैदान, एक बाई आणि तीन संघ. पहिल्या वर्षी तिन्ही संघांच्या वेळा सांभाळता सांभाळता हिचा आवाज पार बसला. गुळण्या करून करून कंटाळली आणि मग एके दिवशी तिने सगळ्यांना एकदमच बोलावलं. पहिला अर्धा तास एकत्र. पण त्या अर्ध्या तासात कुणीच आपला खेळ खेळायचा नाही. व्हॉलीबॉलच्या मुलींनी बास्केटमध्ये बॉल टाकायचा, बास्केटबॉलवाल्यांनी इमारतीभोवती पळायचं, पळणाऱ्यांनी नेटपाशी उड्या मारायच्या. दुसऱ्या दिवशी उलटं. तिची आपली एवढीच घोषणा असायची, "आधी दुसरीचा खेळ." मग शिट्टी, आणि मग ज्याचा त्याचा सराव.

मी एका संध्याकाळी विचारलं होतं, "अगं, यातून होतं काय? पळणारीला उड्या मारता येऊन काय उपयोग?"

"येतच नाहीत, ताई. तीच तर गंमत आहे." ती त्या वेळी बॉलमध्ये हवा भरत होती. पंपाची सुई जिभेला लावून ओली करायची तिची खोड कुणालाच मोडता आली नाही. "आपल्या खेळात प्रत्येकीला माहीत असतं, मी कप्तान, मी राखीव, मी काल आलेली. दुसरीच्या खेळात सगळ्या सारख्याच वेंधळ्या. कप्तानाच्या हातून बॉल सुटतो, राखीव मुलगी तो आणून देते. मग तिथून आपल्या खेळात परत गेल्या की जरा निराळ्या वागतात. कप मिळतो की नाही ते नाही मला सांगता यायचं."

कप काही फार मिळाले नाहीत. कॉलेजच्या जिन्याखाली काचेचं कपाट आहे, त्यात पाहुण्यांना दाखवण्यापुरते आहेत. जे आहेत त्यांतले बहुतेक व्हॉलीबॉलचे. म्हणून तर माझं उत्तर तयार होतं.

*

शनिवारी आम्ही सगळे मॅच बघायला गेलो. भावोजींनी दुकान नोकरावर सोपवलं. यांनी सगळी घड्याळं तशीच उघडी ठेवून वर फडकं टाकलं. आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये सामना होता. लाकडी जमिनीवर आदल्या दिवशीच पॉलिश केलेलं होतं, त्याचा वास नाकात बसत होता आणि मुलींचे बूट थांबताना चिरर् चिरर् वाजत होते.

माझ्या शेजारी शिडी येऊन बसली. शिडी म्हणजे धाकटीची जुनी विद्यार्थिनी. उंचीवरून पडलेलं नाव. बास्केटबॉलची नवीन कोच म्हणून तिचंच नाव ठरत होतं, आणि त्यामुळे ती माझ्याकडे सरळ बघत नव्हती.

"मोठ्या काकू, मॅडम माझ्यावर रागावल्यात का हो?"

"तुझ्यावर कशाला रागावेल? तिला तर बरंच वाटेल. बाहेरचं कुणी येण्यापेक्षा."

"त्या बास्केटबॉलच मागणार असतील तर मी अर्ज मागे घेईन. खरंच."

"तिनं अजून काही ठरवलेलं नाही गं."

शिडीने सुस्कारा सोडला. "मला घरी बसवत नाहीये दोन दिवस."

समोर खुर्चीवर प्राचार्य बसले होते. साधा, गोल चष्म्याचा माणूस, खेळातलं काही कळत नाही पण टाळ्या मनापासून वाजवतो. त्यांनी वळून आम्हाला नमस्कार केला.

सामना बरोबरीचा चालला. दोन सेट त्यांनी घेतले, दोन आमच्या मुलींनी. शेवटच्या सेटमध्ये आमच्या एका मुलीचं बोट दुखावलं. ती फुंकर घालत बाहेर आली आणि धाकटीने बाकावरच्या लवंगीला आत पाठवलं.

लवंगी मूळची बास्केटबॉलची. अंगाने एवढीशी, पण चपळ आणि तिखट, म्हणून ते नाव. व्हॉलीबॉलच्या संघात जागा रिकामी राहिली होती म्हणून तिचं नाव शेवटी घातलेलं होतं, खेळायची वेळ येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आत जाताना तिने दोन्ही हात कपड्यांना पुसले. देवा, पोरीला सांभाळ, असं मी म्हटलं. दुपार होती, माझं मौन केव्हाच सुटलेलं होतं, तरी हे मनातच म्हटलं.

आता त्यांना जिंकायला एकच गुण हवा होता. आमच्या मुलींनी एक बॉल कसाबसा वाचवला, दुसरा वाचवला. मग समोरून एक बॉल उंच उडाला, छताजवळच्या दिव्यांपर्यंत गेला आणि हळूहळू लवंगीच्या डोक्यावर उतरायला लागला. सोपा बॉल होता. नुसता हाताने ढकलला असता तरी झालं असतं.

लवंगीने तो पकडला.

दोन्ही हातांत नीट पकडला, छातीशी धरला, एक पाय जमिनीत रोवला आणि त्याच पायावर गिरकी घेऊन कुणाकडे द्यावा ते पाहायला लागली. आता व्हॉलीबॉलमध्ये बॉल पकडला की संपलं, हे मलासुद्धा माहीत आहे. पण पुढे जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. आमच्या कप्तानाने हात पसरले आणि बाजूला सरकून जागा मोकळी केली. दुसऱ्या दोघी वेगवेगळ्या दिशांना पळाल्या. आणि रेषेबाहेरून माझ्या धाकट्या जावेचा, शिट्टी मॅडमचा, इतक्या वर्षांच्या अनुभवाचा आवाज आला, "इकडे, पास!"

पंचालाही शिट्टी वाजवायचं सुचलं नाही. समोरच्या मुली आपल्या जागी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मग लवंगीने बॉलकडे पाहिलं, नेटकडे पाहिलं आणि बॉल हळूच खाली ठेवला, तान्ह्या मुलाला ठेवावं तसा.

शिडीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. "काकू," ती बोटांच्या फटीतून म्हणाली, "मी पण जागा मोकळी करायला उठले होते."

प्राचार्य सामना संपल्यावर धाकटीपाशी गेले. आम्ही जवळच होतो. ते शांतपणेच बोलले. "मॅडम, शेवटचा तो नेमका कुठला खेळ होता?"

"आमचाच होता, सर," ती म्हणाली. चेहरा लालबुंद झाला होता.

"मला वाटतं, आमचा निर्णय योग्यच आहे. एकीला एकच खेळ. मुलींचाच गोंधळ होतो." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "सोमवारी बोलू. तुमची निवड सांगा."

*

संध्याकाळी धाकटी बुटांच्या फळीसमोर बसून बुटांची धूळ झटकत होती. भावोजींनी पहिल्यांदा गप्प राहून पाहिलं, पण ते त्यांना जमत नाही.

"मी विचारतो फक्त. पास मिळाला असता तर तू काय करणार होतीस?"

"अहो, पुरे."

"नाही, म्हणजे बास्केट कुठल्या बाजूला होती तेवढं सांग."

ती बूट फेकेल असं वाटलं, पण तीच हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुठलं होतं ते मला कळलं नाही.

तेवढ्यात दारात लवंगी उभी. सोबत तिची आई, पण आई फाटकाशीच थांबली. मुलगी आत आली आणि उंबऱ्यापाशीच म्हणाली, "मॅडम, मला काढून टाकलंत तरी चालेल."

"कशातून काढू? कुठल्या संघात आहेस हे तुला तरी माहीत आहे का?" धाकटी म्हणाली. "बस इथे. ताई, हिला काहीतरी खायला द्या. सकाळपासून खाल्लं नसेल हिनं."

मी ताट भरून आणलं. लवंगी एक घास खाई आणि एक हुंदका देई. मग हुंदके कमी झाले, घास वाढले.

"कप्तान काय म्हणाली तुला?" धाकटीने विचारलं.

"ती म्हणाली, मला पास का नाही दिलास, मी मोकळी होते."

भावोजी उठून आत गेले. आतून त्यांच्या हसण्याचा आवाज ऐकू येत होता.

"मॅडम," लवंगी ताटाकडे बघत म्हणाली, "सगळ्या म्हणतायत, तुम्ही आता एकच खेळ घेणार. व्हॉलीबॉल घेणार."

"बघू."

"मी बास्केटबॉलची आहे."

"शिडी चांगली आहे. माझ्यापेक्षा चांगली शिकवेल तुला. मी नियम मिठाच्या बाटलीवर शिकले, ती खेळून शिकली आहे."

"ते मला माहीत आहे. शिडीताई मला आवडतात." लवंगीने भाताची शितं बोटाने गोळा केली. "पण मग तो पहिला अर्धा तास कोण घेणार? त्यात मी पळणाऱ्या पोरींमागे पळते आणि शेवटून पहिली येते, तरी कुणी रागवत नाही. आपल्या खेळात चुकलं की घरी जाऊन पण आठवत राहतं. तिथलं आठवत नाही." मग म्हणाली, "आजचं मात्र आठवेल."

"आजचं मलाही आठवेल," धाकटी म्हणाली. "खा तू."

मुलगी गेल्यावर मी धाकटीला सांगायचं ठरवलं होतं, की उगीच मनाला लावून घेऊ नकोस, व्हॉलीबॉल घे आणि स्वस्थ हो. पण ती दिवा न लावता फळीपाशी बसून राहिली होती, तीन प्रकारचे बूट ओळीने मांडून. मी आत येऊन माझं संध्याकाळचं वाचन करत बसले. रविवारी आमच्याकडे पाहुणे आले, त्यात बोलणं राहिलं.

*

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी दिवा आणि वाचन आटोपून उठले तर ती आधीच ओट्याशी.

"ताई, तुमचं मौन आहे म्हणून सांगते. रात्रभर तिन्ही धरून बघितले. व्हॉलीबॉल घेतला तर लोक म्हणतील, बरोबर केलं. बास्केटबॉल घेतला तर शिडी अर्ज मागे घेईल आणि मला तिच्या तोंडाकडे बघवणार नाही. पळणं घेतलं तर..." एक पाय स्टुलावर ठेवून ती थांबली. "पळणं घेतलं तर बाकीच्या दोघी म्हणतील, आम्हाला सोडलं. कुठलाही घेतला तरी दोघी म्हणणारच."

मी तिच्याकडे बघत होते. शब्द अगदी जिभेवर होता. पाखरांचे दाणे हातातच होते, अंगणात दोन पावलं जाऊन टाकले असते आणि साखरेचा दाणा तोंडात टाकला असता तर बोलता आलं असतं. खोटं कशाला सांगू, मी दाराकडे निघालेसुद्धा होते.

"पण ताई, त्या पोरीने तिन्हींतला एकही खेळ मागितला नाही हो," माझ्या पाठीमागून ती म्हणाली. "शिडीकडे जायला ती आनंदाने तयार आहे. तिने मागितला तो अर्धा तास."

मी दारातच थांबले.

"आणि तो कुणाच्याच नावावर नाही. वेळापत्रकातही नाही. तिघांना तीन खेळ दिले की तो आपोआप उडणार, आणि कुणाला कळणारही नाही की काही उडालं." बोलता बोलता तिने दुसऱ्या बुटाची नाडी इतकी घट्ट ओढली की ती तुटली. "ताई, मी खेळ निवडतच नाही. कळलं का तुम्हाला? नाही, बोलू नका." आणि तुटक्या नाडीला तिथल्या तिथे गाठ मारून ती गेली.

मी पाखरांना दाणे टाकले. त्या दिवशी जरा जास्तच टाकले.

संध्याकाळी तिने सगळं सांगितलं ते असं. प्राचार्यांच्या खोलीत शिडीही होती, काही सही राहिली होती म्हणून. प्राचार्यांनी विचारलं, "मग? व्हॉलीबॉल ना?"

"नाही, सर. तिन्ही खेळ तिघांना द्या. तुमचं बरोबर आहे, प्रत्येक खेळाला त्याचा जाणता माणूस हवा. मला फक्त सरावाआधीचा अर्धा तास द्या. तिन्ही संघ एकत्र."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, रागावू नका. पण त्या अर्ध्या तासानेच शनिवारचा कप घालवला."

"हो सर, घालवला. मीही ओरडले, ते तुम्ही ऐकलंतच."

"सगळ्या हॉलने ऐकलं."

"पण सर, एक बघितलंत का? ती चुकली तेव्हा बाकीच्या तिच्यावर ओरडल्या नाहीत. तिला पास देता यावा म्हणून जागा करायला पळाल्या. एका क्षणात, न ठरवता, सगळ्याच्या सगळ्या चुकल्या. एकटी कुणी चुकली नाही." धाकटी म्हणाली, एवढं बोलताना तिचा तुटक्या नाडीचा बूट सैल झाला होता. "कप नाही मिळाला. पण हे मला कुठल्याही एका खेळात शिकवता येत नाही. प्रयत्न करून बघितला आहे."

प्राचार्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग शिडीला म्हणाले, "तुम्हाला चालेल का? तुमच्या वेळातला अर्धा तास जाईल."

शिडी म्हणाली, "सर, मी अर्ज केला तेव्हा तो अर्धा तास आहेच असं धरलं होतं. नसेल तर मला विचार करावा लागेल." आणि एवढं बोलून स्वतःच घाबरली.

"पण हुद्दा काय लिहू?" प्राचार्य म्हणाले. "फलकावर नावापुढे काहीतरी लागतं. अर्ध्या तासाच्या कोच असं लिहिता येत नाही."

"नावापुढे रिकामं ठेवा, सर. मुली भरतील."

त्यांनी वर्षभर करून बघू म्हटलं. मान्य केलं, असं मी समजते. कारण जाताना त्यांनी तिला विचारलं की त्या अर्ध्या तासात प्राचार्यांनी आलं तर चालेल का. त्यांना डॉक्टरांनी पळायला सांगितलं आहे.

भावोजी सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तीन खेळांचा एक पगार मिळत होता, आता एकाही खेळाचा नाही आणि पगार तोच. ही बाई हिशेबात माझ्यापेक्षा हुशार आहे."

मग धाकटी माझ्याकडे वळली. "ताई, सकाळी तुम्ही काहीतरी सांगणार होतात. दाराकडे निघाला होतात, मी पाहिलं. काय सांगणार होतात?"

"व्हॉलीबॉल," मी म्हटलं.

"आणि मी ऐकलंही असतं हो," ती म्हणाली. "तुमचं मी ऐकतेच." मी उठून देवापुढे जाऊन आले. तोंड बंद ठेवण्यात माझं काही कर्तृत्व नाही. नेम त्याने घालून दिला, वेळही त्यानेच साधली.

*

नव्या वर्षात एकदा मी मैदान बघायला गेले. सरावाची वेळ माझ्या मौनाची, पण धाकटी म्हणाली, "मौनातच या, तिथे बोलायला तुम्हाला फुरसत कोण देतंय?" म्हणून दिवा आणि वाचन लवकर आटोपलं, दाणे पिशवीत घेतले आणि मैदानाच्या कडेला पायरीवर जाऊन बसले. पाखरं तिथेही होतीच. त्यांना काय, दाणे टाकणारा कुठेही चालतो.

व्हॉलीबॉलचे नवे सर, चांगले भरदार मिशांचे, पळणाऱ्या मुलींच्या मागे धापा टाकत ग्रंथालयाच्या वळणावर दिसेनासे झाले. धावण्याच्या नव्या बाई नेटपाशी उडी मारत होत्या, बॉल त्यांच्या आधी खाली येत होता. शिडी व्हॉलीबॉलची सर्व्हिस करायला गेली आणि बॉल सरळ सायकलींवर आदळला. दोन सायकली पडल्या. प्राचार्य चालत पळत होते. सगळीकडे नुसता गोंधळ होता, आणि धाकटी मधोमध उभी राहून शिट्टी न वाजवता सगळ्यांकडे बघत होती.

माझ्या पायाशी एक बॉल येऊन थांबला. मी तो उचलला. एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं. दोन्ही हातांत धरून मी उभी राहिले, कुणाला द्यावा ते कळेना. तिकडून लवंगीने हात पसरले, "काकू, इकडे, पास!" आणि तिच्याबरोबर आणखी चार-पाच जणी जागा करायला पळाल्या.

मी बळ लावून टाकला. बॉल गेला तो भलतीकडेच, पाखरांमध्ये. सगळी पाखरं एकदम उडाली.

धाकटी माझ्यापाशी आली, आपल्या पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दुसरीचा खेळ आहे, ताई. असंच व्हायचं. आता घास खा आणि बोला काहीतरी."